ओपन बॉक्स पार्ट आणि हार्ड डिस्क घ्यायची असेल तर: पाकीट काढण्याआधी आणि घरी आल्यावर काय काय करायचं

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्या फोटोंचा एक धड बॅकअप करायचा म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून ४ टीबीची हार्ड डिस्क उचलली. सील पॅकपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "नया ही है भाई, सिर्फ डिब्बा खुला है." मी खूश. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली, पिशवी मांडीवर धरून बसलो जसं काही बाळंतिणीला घरी घेऊन चाललोय. घरी जोडली, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं, तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे आजवर चालू राहिल्याचे तास, २६,४१२. वर्षाचे तास होतात ८,७६०, करा हिशोब, तीन वर्षं आणि वर पाच दिवस! त्याच्याच खाली पॉवर ऑन काउंट होता ३८. म्हणजे तीन वर्षांत फक्त ३८ वेळा चालू-बंद. घरातला पीसी असा वागतच नाही, रोज एकदा तरी बंद होतो. ही बया कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये तीन वर्षं अखंड फिरत होती, आणि मग कुणीतरी तिला कपड्याने पुसून चंदेरी पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

परत द्यायला गेलो तर "भाई बिल किधर है?" बिल मीच घेतलं नव्हतं, १८ टक्के जीएसटी वाचवायला. चूक कोणाची, माझीच.

त्यानंतर मात्र शिकलो. आत्तापर्यंत प्रोसेसर, रॅम, तीन एसएसडी, एक ग्राफिक्स कार्ड आणि चार हार्ड डिस्क ओपन बॉक्समध्ये घेतल्यात, बहुतेक सगळं व्यवस्थित चालू आहे. २०२५ च्या शेवटाला रॅमचे आणि मग एसएसडीचे भाव जे सुटलेत त्यानंतर ऑफिसातले दोन-चार जण रोज विचारतात "कुठून घेतोस, काय बघतोस", प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

१. आधी शब्दांचा घोळ सोडवा

दुकानदार "ओपन बॉक्स" या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. खरा ओपन बॉक्स म्हणजे गिऱ्हाईकाने घेतला, खोलला, बसला नाही किंवा आवडला नाही म्हणून परत केला, किंवा दुकानात डेमोला लावला होता. हा माल चांगला.

रिफर्बिश्ड म्हणजे बिघडलेला किंवा वापरलेला माल दुरुस्त करून, तपासून पुन्हा विकायला काढलेला. कंपनीने स्वतः केला असेल तर ठीक, गल्लीत केला असेल तर देवाक काळजी.

पुल म्हणजे लॅपटॉप किंवा ऑफिसच्या मशीनमधून काढलेला पार्ट. याला बॉक्सच नसतो, तरी ओपन बॉक्स म्हणून विकतात. वाईटच असतो असं नाही, ऑफिसचे लॅपटॉप घेतल्या घेतल्या त्यातली २५६ जीबीची एसएसडी काढून मोठी टाकतात, ती काढलेली जवळजवळ कोरी असते. पण तिला कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा नसते कारण ती लॅपटॉपवाल्या कंपनीला विकलेली असते, तुम्हाला नाही.

ट्रे प्रोसेसर, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा विकलेला, हाही त्यातलाच प्रकार. बॉक्सवाल्याला इंटेल-एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी, ट्रेवाल्याला जो विकतो त्याची. तो उद्या गाळा बंद करून गेला की वॉरंटी पण गेली.

आणि एक वेगळाच गोंधळ ऑनलाइनवाल्यांचा, "ओपन बॉक्स डिलिव्हरी". याचा ओपन बॉक्स मालाशी काडीचा संबंध नाही. नवाच माल, फक्त डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर खोका उघडून दाखवतो, तुम्ही बघायचं आणि मग ओटीपी द्यायचा. माझ्या मावसभावाने "ओपन बॉक्स लिहिलंय, म्हणजे जुनं देतायत" म्हणून चांगली ऑर्डर कॅन्सल केली होती. महागातलं काही मागवताना उलट हा पर्याय हवाच, आणि ओटीपी खोका उघडून आतला सिरियल नंबर बघितल्यावरच सांगायचा, "सर जल्दी है" म्हटलं तरी.

२. काय घ्यायचं आणि कशाच्या वाटेला जायचं नाही

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

डोळे झाकून नाही पण निर्धास्त: प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, एअर कूलर. प्रोसेसर सहसा मरत नाही. एकच अपवाद, इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनचे वरचे मॉडेल, आय९, आय७ आणि के वाले आय५. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा प्रॉब्लेम २०२४ मध्ये निघाला, इंटेलने मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट दिले, बॉक्सवाल्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण अपडेट आधीच झिजलेली चिप बरी करत नाही. त्यामुळे असला प्रोसेसर कुणी "मस्त डील" म्हणून देत असेल तर तो का विकतोय हे आधी विचारा.

तपासून: एसएसडी, हार्ड डिस्क, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर.

नाही म्हणजे नाही: एसएमपीएस. सगळ्या मशीनला वीज तोच देतो आणि तो आतून कसा आहे हे घरी तपासायची आपल्याकडे सोय नाही. शिवाय मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसमध्ये एक जीवघेणा सापळा आहे. ओपन बॉक्समध्ये बऱ्याचदा मूळ केबल हरवलेल्या असतात, दुकानदार दुसऱ्या कुठल्यातरी एसएमपीएसच्या केबल टाकून देतो. हार्ड डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण वेगळं. केबल बसते अगदी फिट, बटण दाबलं की ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि हार्ड डिस्क एका झटक्यात खलास. आमच्या सोसायटीतल्या एका पोराच्या दोन डिस्क अशाच गेल्या, वास मला जिन्यात आला होता.

३. सील पॅकचा भाव माहीत नसेल तर घरातून निघू नका

ओपन बॉक्स स्वस्त आहे का हे कशाच्या तुलनेत? एमआरपीच्या तुलनेत नाही, एमआरपीला कुत्रं विचारत नाही. त्याच दिवशी तोच मॉडेल नंबर सील पॅक कितीला मिळतोय ते दोन-तीन ठिकाणी बघा, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, आणि प्राइमएबीजीबी, एमडी कॉम्प्युटर्स असली पार्टवाली दुकानं. मॉडेल नंबर पूर्ण बघायचा, नुसतं "२ टीबी सीगेट" नाही.

मग वॉरंटीचा हिशोब. समजा सील पॅक डिस्क १०,००० ला आहे आणि वॉरंटी ३६ महिने, म्हणजे महिन्याला साधारण २७८ रुपये. ओपन बॉक्स ८,५०० ला आहे पण वॉरंटी उरलीय १० महिने, म्हणजे महिन्याला ८५०. दीड हजार वाचले असं वाटतं, पण हे काही वाचणं नाही. हाच माल ३० महिने वॉरंटीसकट ७,५०० ला असता तर मी धावत गेलो असतो. माझा नियम असा की वॉरंटी जवळपास पूर्ण शिल्लक असेल तर १५-२० टक्के कमी चालेल, वॉरंटी संपलेली असेल तर निम्म्याच्या वर पैसा द्यायचा नाही, आणि त्या मधलं सगळं घासाघीस.

४. कुठे बघायचं

मुंबईत अर्थात लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक बंद असतं. अकराच्या आधी पण जाऊ नका, शटर वर होत असतात आणि बोहनीच्या वेळी कोणी धड बोलत नाही. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. दुकानांच्या ऑनलाइन साइटवर पण ओपन बॉक्सचा वेगळा विभाग असतो, माल थोडाच असतो, पण बिल पक्कं मिळतं, नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर खरे सौदे मिळतात, कारण तिथे विकणारा दुकानदार नसतो, ज्याला नवीन कार्ड आलंय आणि जुनं काढायचंय तो असतो. पण फक्त समोर भेटून, चालू मशीनमध्ये बघून. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, आधी टोकन पाठवा, कुरियरने देतो" असं आलं की ब्लॉक. तुम्ही विकायला बसलात तर एवढं डोक्यात कोरून ठेवा की पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

परदेशात असलेल्या आणि सुट्टीत येताना पार्ट घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत मायक्रो सेंटर, बेस्ट बाय वगैरे ठिकाणी ओपन बॉक्सचे भाव बघून भारतातला माणूस चक्रावतो. पण हार्ड डिस्कची वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात विकली तिथलीच असते. न्यू जर्सीहून भावाने आणलेली डिस्क इथे बिघडली तर ती परत न्यू जर्सीलाच जायची, तेव्हा आधी कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून भारतात चालते का बघा.

५. सोबत न्यायचं सामान आणि घ्यायचे कागद

सामान:
- लॅपटॉप, त्यात क्रिस्टलडिस्कइन्फोची पोर्टेबल आवृत्ती
- यूएसबी ते साटा (डिस्कचा नेहमीचा कनेक्टर) डॉक, स्वतःच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरसकट, कारण साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही
- एनव्हीएमई (पट्टीसारखी, वेगवान) एसएसडी बघायची असेल तर तिचं वेगळं यूएसबी केसिंग
- छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर
- टॉर्च, मोबाइलचा चालेल

कागद:
- पक्कं जीएसटी बिल, आणि त्यावर सिरियल नंबर लिहिलेला. हे सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार विचारतो "बिल चाहिए या विदाउट?" तेव्हा १८ टक्के दिसतात पण पुढची तीन वर्षं दिसत नाहीत
- बॉक्स असेल तर बॉक्स, त्यावरचा सिरियल आणि पार्टवरचा सिरियल एकच आहे का बघून
- दुकानाची स्वतःची टेस्टिंग वॉरंटी असेल, सात दिवस, दहा दिवस, जे काय असेल ते बिलावर हाताने लिहून सही-शिक्का. तोंडी नाही
- मूळ गिऱ्हाईकाच्या बिलाची कॉपी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण बिलाची तारीख नसेल तर कंपनी बऱ्याचदा स्वतःच्या रेकॉर्डमधली तारीख धरते आणि त्यात काही महिने जातात

६. दुकानात काउंटरवर उभं राहून

पहिल्यांदा सिरियल नंबर. सीगेट असो की डब्ल्यूडी, दोघांच्या साइटवर वॉरंटी बघायची सोय आहे, काउंटरवरच मोबाइलवर टाकायचा. तीन गोष्टींपैकी एक येईल: अमुक तारखेपर्यंत वॉरंटी आहे, वॉरंटी संपली, किंवा हा नंबर आमच्याकडून थेट विकलेला नाही, विक्रेत्याकडे जा. तिसरं आलं की ती पुल किंवा ओईएम, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीला विकलेली, डिस्क. दुकानदाराचा चेहरा बघा त्या वेळी, निम्मी तपासणी तिथेच होते.

मग लेबलवरची तयार झाल्याची तारीख. "नवीनच आहे" म्हणतोय आणि तारीख चार वर्षांपूर्वीची, तर मधली चार वर्षं ती कुठे होती? स्क्रूच्या भोकांपाशी बघा, एकदाही कॅबिनेटमध्ये बसवलेल्या डिस्कच्या भोकांवर गोल ओरखडा राहतो. साटाच्या सोनेरी पट्टीवर उभ्या रेघा दिसतात. टॉर्च तिरका धरला की लगेच कळतं.

जांभळ्या लेबलची डब्ल्यूडी किंवा सीगेटची स्कायहॉक दिसली तर सावध, त्या सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क. वाईट नसतात, पण ओपन बॉक्समध्ये दिसली की तिचं पूर्वायुष्य डीव्हीआरमध्येच गेलंय असं धरून चाला.

आणखी एक, खूप स्वस्त ८-१० टीबीची डिस्क दिसली तर तिचा कनेक्टर बघा. सर्व्हरमधली सॅस डिस्क लांबून अगदी साटासारखी दिसते, फक्त साटामध्ये डेटा आणि पॉवरच्या मधे जी खाच असते ती सॅसमध्ये भरलेली असते. घरच्या मदरबोर्डला ती लागत नाही, वेगळं कार्ड लागतं. बरेच जण फसलेत यात.

शेवटी सांगा की मला लावून बघायचीय. चांगला दुकानदार म्हणतो "लगाओ ना". जो म्हणतो "अरे घर जाके देखो, कुछ नहीं होता", त्याला नमस्कार करून पुढच्या गाळ्यात.

७. घरी आल्यावर, हार्ड डिस्क

डेटा लगेच टाकू नका. कितीही घाई असली तरी. टेस्टिंग वॉरंटीचे सात दिवस आहेत ते टेस्टिंगलाच वापरायचे.

खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, न थांबवता, सीलपासून सिरियल नंबरपर्यंत. ऑनलाइन घेतलं असेल तर हा व्हिडिओ म्हणजे तुमचा एकुलता एक साक्षीदार.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो कारण रॉ व्हॅल्यू हेक्साडेसिमलमध्ये दिसतात. १० दिसलं म्हणजे दहा नाही, सोळा. फंक्शन मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे १० डेसिमल करून घ्या. मग हे बघा:

०५, रीअलोकेटेड सेक्टर. डिस्कने खराब झालेली जागा सोडून राखीव जागा वापरली त्याची मोजणी. शून्य हवी.

सी५, करंट पेंडिंग सेक्टर. वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागला नाही असे. शून्यच हवी. हा आकडा एक जरी असला तरी मी परत करतो, कारण हा वाढायला लागला की थांबत नाही.

सी६, तोच प्रकार, शून्य.

सी७, सीआरसी एरर. हा डिस्कचा नाही, बहुतेक वेळा केबलचा दोष. जुना आकडा कधीच पुसला जात नाही, त्यामुळे ४०-५० दिसले म्हणून घाबरू नका, केबल बदलून बघा आणि वाढत नाही ना तेवढं बघा.

सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींपुढे कोट्यवधीचे आकडे दिसतात. माझ्या एका मित्राने ते बघून रात्री साडेअकराला फोन केला होता "अरे गेली रे डिस्क". काही गेली नव्हती, सीगेट त्या आकड्यात एरर आणि एकूण वाचन दोन्ही मिळून भरतं, ते तसंच दिसतं.

आता तास. शून्य तास दिसले तर खूश होऊ नका लगेच. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते हे सगळे आकडे पुसता येतात. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत हेच उघडकीला आलं, नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या मोठ्या सर्व्हरवाल्या डिस्क प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या होत्या आणि स्मार्ट शून्यावर आणून ठेवलेलं, कंपनीने हा माल आपण विकलेला नाही असं सांगितलं. पकडलं कसं, तर सीगेट डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, त्यातले तास पुसायचे राहून गेले होते. स्मार्टमॉनटूल्स ७.४ किंवा त्यानंतरचं घ्या, त्यातल्या स्मार्टसीटीएलला फार्म लॉग मागा, आणि तिथले तास आणि स्मार्टचे तास ताडून बघा. दोन्ही जुळले तर ठीक, स्मार्ट म्हणतंय ३ आणि फार्म म्हणतंय १९,०००, तर उद्या सकाळी पहिल्या गाडीने दुकानात.

मग पूर्ण स्कॅन. नुसता क्विक टेस्ट पास झाला याला काही अर्थ नाही, तो दोन मिनिटांत होतो. एक्सटेंडेड टेस्ट लावा किंवा व्हिक्टोरियासारख्या टूलने सगळी जागा वाचून काढा. ४ टीबीला साधारण सात-आठ तास धरा, ८ टीबीला त्याच्या दुप्पट, रात्री लावून झोपायचं. लॅपटॉपचं स्लीप मोड बंद करायला विसरू नका, मी विसरलो होतो, सकाळी उठून बघतो तर ११ टक्के. स्कॅननंतर ०५, सी५ आणि सी६ पुन्हा बघायचे. आधी शून्य आणि नंतर ८ झाले तर डिस्क लपवत होती ते बाहेर आलं.

दोन खोटे अलार्म पण सांगून ठेवतो. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते, १ टीबीची ९३१ जीबी दिसते, ती कमी दिलेली नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. आणि ४ टीबीपैकी फक्त २ टीबीच वापरता येतेय असं झालं तर इनिशियलाइझ करताना एमबीआर निवडलं गेलंय, जीपीटी निवडा.

सर्व्हरमधून आलेली डिस्क लावली आणि ती फिरतच नाही, आवाजच नाही, तर मेली असं समजून फेकू नका. काही डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की ती बंदच राहते, सर्व्हरमध्ये दुरून बंद-चालू करायची ती सोय आहे. त्या पिनवर कॅप्टन टेपचा बारीक तुकडा लावला की उठते. होय, लोक कॅप्टनच म्हणतात, खरं नाव कॅप्टॉन.

आणि एसएमआर-सीएमआर. एसएमआर डिस्कमध्ये डेटाच्या रेघा कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, जागा वाचते पण एकदा लिहिलेलं बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. सीएमआरमध्ये त्या शेजारी शेजारी असतात. सिनेमे ठेवायला चालते. नॅस (घरच्या नेटवर्कवरची साठवणीची पेटी) किंवा रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून) लावायची असेल तर नको. सीगेट बाराकुडाची २ टीबीची एसटी२०००डीएम००८ एसएमआर आहे, १ टीबीची एसटी१०००डीएम०१० सीएमआर. नाव तेच, आत वेगळं, म्हणून म्हटलं पूर्ण मॉडेल नंबर बघा.

८. एसएसडी

हे त्यामानाने सोपं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ टक्के आणि टोटल होस्ट राइट्स बघा. खऱ्या ओपन बॉक्सवर फार तर पन्नास-शंभर जीबी लिहिलेलं असेल. ३० टीबी लिहिलेलं असेल तर ती वापरलेली आहे, बास, वाद नको. पण वापरलेली म्हणजे वाईट नाही. १ टीबीच्या बऱ्याच चांगल्या एसएसडीला कंपनी ६०० टीबी लिहिण्याची हमी देते, त्यातले ३० गेले तर काय बिघडलं, फक्त भाव तसा द्या. क्यूएलसीवाल्यांचा, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या स्वस्त एसएसडींचा, आकडा फार कमी असतो, क्रुशियल पी३ १ टीबीला २२० आहे.

घेताना स्लॉट बघा. एम.२ म्हणजे एनव्हीएमईच असं नाही, साटावाली एम.२ पण असते, दोघी दिसायला बहिणी. काही जुन्या लॅपटॉपमध्ये फक्त साटावाली चालते. दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, एक असेल तर बहुतेक एनव्हीएमई, पण मॉडेल नंबरने खात्री करा.

आणि ती १६ टीबीची बाहेरची एसएसडी, दोन हजारात. दरवर्षी कोणीतरी काका ती घेऊन माझ्याकडे येतात. आत एक मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा सांगणारी चिप. फोटो कॉपी होतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. एच२टेस्टडब्ल्यू चालवा, मॅक किंवा लिनक्सवर एफ३, ते पूर्ण भरून परत वाचून बघतात आणि खरी जागा किती ते सांगतात.

९. बाकीचे पार्ट, थोडक्यात

मदरबोर्ड: सॉकेटवरचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवरचं, झाकण काढून टॉर्च मारा. इंटेल आणि एएमडीचं एएम५ दोन्हीत पिना बोर्डवर असतात, एक जरी वाकलेली असेल तर रॅमचा एखादा स्लॉट चालत नाही आणि दोष रॅमवर येतो. तिरक्या उजेडात सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत, जिथे चमक तुटली तिथे गडबड. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे प्रोसेसर उलटा करून बघा. मागची आयओ प्लेट, वायफायचे अँटेना आणि एम.२ चा तो मुंगीएवढा स्क्रू आहे का विचारा. तो स्क्रू नसला तर एसएसडी टेपने चिकटवायची वेळ येते, हसू नका, मी केलंय.

ग्राफिक्स कार्ड: १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि बाजारात मायनिंगची कार्डं ओतली गेली, ती अजून फिरतायत. जीपीयू-झेड उघडा, खोटं कार्ड असेल तर नावापुढेच फेक लिहून येतं. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क अर्धा तास, तापमान आणि पंख्याचा आवाज बघत.

रॅम: मेमटेस्ट८६ चे चार पास. एक जरी एरर आली तरी परत, "एकच आहे" म्हणून ठेवू नका, विंडोज कधीतरी त्याच जागी पाय ठेवणार.

मॉनिटर: काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा पडदा लावून मेलेले पिक्सेल बघा. झालं.

१०. बिघडलं तर

सात दिवसांच्या आत असाल तर फोन करत बसू नका, स्वतः जा, स्क्रीनशॉट प्रिंट करून न्या. मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट काउंटरवर कोणी वाचत नाही, कागद ठेवला की वाचतात, का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कंपनीच्या वॉरंटीत असेल तर ऑनलाइन आरएमए, म्हणजे बदलून मिळण्याची विनंती, टाका, बिलाची कॉपी जोडा. बदली डिस्क बहुतेक रिफर्बिश्डच येते, ते नियमात असतं. तुमची डिस्क परत मिळत नाही, आत जे काही असेल ते कंपनीकडे गेलं, म्हणून पाठवण्याआधी चालत असेल तर पुसून घ्या.

दुकानदार बिल असूनही ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. माझ्यावर आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही, १९१५ ला तक्रार करतो एवढं म्हटल्यावरच एकदा पैसे परत मिळाले.

आणि ती २६,४१२ तासांची डिस्क? परत घेतलीच नाही त्याने. तिच्यावर फोटो ठेवायची हिंमत झाली नाही म्हणून पोराची कार्टून आणि जुन्या क्रिकेट मॅच टाकल्या. फोटोंसाठी बिलासकट आणलेली पुढची डिस्क दहाव्या महिन्यात सी५ दाखवायला लागली आणि वॉरंटीत बदलून आणली. ही मात्र काल बघितली, ३१ हजारांच्या वर गेलीय, रीअलोकेटेड सेक्टर अजून शून्य.